वाढदिवसाची फुलपाखरं

१८ सप्टेंबर

भिंगरीला आजीचा आशीर्वाद.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं 'हॅलो हॅलो'त जातं. लिहिलेलं मला पुरतं. शाळेत मी दोन इयत्ता बसले, पण बाइंडिंगच्या कारखान्यात जन्मभर लोकांच्या पुस्तकांची पानं दुमडली, तिथंच वाचायला शिकले. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, ते चालवून घे.

तू येऊन गेलीस त्याला महिना होत आला. माझी जन्मतारीख मला ठाऊक नाही, माझ्या आईलाही नव्हती, तरी यंदा तू ती ठरवलीस आणि वाढदिवस म्हणून हजर झालीस. दोन कप्प्यांचं जाळीचं खोकं घेऊन. मागच्या अंगणात एक कप्पा भिंतीकडच्या रुईपाशी उघडलास, दुसरा नळाकडच्या, आणि केशरी फुलपाखरं भुर्रकन उडाली. "आजी, ही तुला भेट." मी म्हटलं, लोक चादर देतात, चष्मा देतात, किडे कोण देतं? भिंतीपलीकडून टेलरबाई टाळ्या वाजवत होती. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. मला ते आवडलं होतं. डोक्यावर चढू नकोस.

तू सांगून गेलीस की रुईला हात लावू नकोस, ती त्यांच्या पिल्लांची शाळा आहे. शब्द दिला, पाळला. फुलपाखरांनी अंडी घातली, पट्टेरी अळ्या निघाल्या. खादाड मेल्या. पानं संपवून देठाला लागल्या. अंगानं धडधाकट, तुकतुकीत. मग कोष लटकले. मी रोज चहा घेऊन तिथंच बसते, म्हटलं आता पोरं बाहेर येतील.

आली ती अशी. पहिलं निघालं ते अर्धं कोषात, अर्धं बाहेर. पंख ओल्या कागदाच्या बोळ्यासारखे. तासन्‌तास झटत होतं, शेवटी खाली पडलं आणि मुंग्यांनी ओढून नेलं. दुसरं तसंच. आता रोज तेच चाललंय. अळ्या धडधाकट आणि पाखरं लुळी, असं कसं? काही कोषांवर काळे डाग पडलेत, फळ आतून नासतं तसे.

मला संशय टेलरबाईचा आहे. मागे रुईची फांदी तिच्या बाजूला गेली, ती तोडताना चीक डोळ्यात उडाला. डोळा सुजून टमाटा झाला, किती दिवस सुईत दोरा ओवता येईना. तेव्हापासून तिचं एकच टुमणं, ही रुई काप. मी नाही म्हणते, कारण तुला शब्द दिलाय. तिनं भिंतीवरून काही औषध मारलं असेल का? तू शिकलेली, तू सांग.

तुझी आजी

---

२१ सप्टेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं आणि लगेच लिहायला बसले. वाचून वाईट वाटलं, पण तू किती बारकाईनं बघतेस गं! आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलांनासुद्धा असं जमत नाही.

अळ्या मरण्याची कारणं खूप असतात. काहींच्या अंगात गांधीलमाशीसारखे छोटे कीटक अंडी घालतात. काहींना जिवाणू, विषाणू लागतात, मग त्या काळ्या पडून विरघळतात. कोषातून लुळं पाखरू निघण्याचीही कारणं बरीच आहेत. फवारणी असू शकते. नक्की आत्ता सांगता येणार नाही.

माझं एक काम करशील? मेलेलं किंवा लुळं पाखरू सापडलं की पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा त्याच्या पोटाला हलकेच टेकव, उचल, आणि पांढऱ्या जाड कागदावर चिकटव. शेजारी कुठल्या झाडाखाली सापडलं ते लिही, भिंतीकडचं, मधलं की नळाकडचं. कागद मला पाठव. त्यावरून कळेल. आणि तू पाहतेस ते सगळं मला लिहीत राहा. अगदी सगळं.

रुई मात्र कापू देऊ नकोस हं, कुणी काही म्हटलं तरी.

तब्येतीला जप.

तुझी,
भिंगरी

---

२५ सप्टेंबर

भिंगरीला आशीर्वाद.

तुझं उत्तर इतक्या लगेच आलं की मी दोनदा अक्षर तपासलं. एरवी मी चार पत्रं टाकते तेव्हा तुझं एक येतं, तेही 'घाईत आहे'वर संपतं. बरी आहेस ना? पोस्टमननंही विचारलं, नातीचं लग्न ठरलं का म्हणून. मी म्हटलं, तिला आजी आठवली, तेवढं पुरे.

कागद सोबत पाठवलेत. चिकटपट्टी लावायला मला शिकवू नकोस, फाटक्या पानांना पट्ट्या लावून माझी बोटं झिजली. तरी पाखराच्या पोटाला अगदी हलकी टेकवली. पोट फुटलं तर, असं वाटत होतं. भिंतीकडच्या झाडाखाली सगळ्यात जास्त पडतात, मधल्याखाली कमी, नळाकडच्याखाली फार थोडी. भिंतीकडची रुई टेलरबाईच्या खिडकीसमोर येते. आता बोल.

आणखी ऐक. काल कोळ्याच्या जाळ्यात एक पंख अडकलेला दिसला. लुळा नाही, पूर्ण वाढलेला. काढून चष्मा लावून बघते तर त्यावर निळी खूण. मुद्दाम केलेला ठिपका. आपल्या आळीत निळी खूण करणारी माणसं किती? एक. कापडावर दिवसभर निळ्या खुणा मारत असते ती. म्हणजे तिनं पाखरं हातात धरली होती. काय करत होती, देव जाणे.

भिंगरे, तिला मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. तुझे आजोबा गेले तेव्हा माझं घर तिनं चालवलं, मला अंथरुणातून ओढून उभं केलं. तुझ्या आईचे शाळेचे कपडे तिच्याच मशीनवर झाले. म्हणून गप्प बसलेय. पण किती दिवस बसणार? विचारू का तिला? तू सांगशील तसं करते.

तुझी आजी

---

२९ सप्टेंबर

प्रिय आजी,

कागद मिळाले! तुला काय सांगू, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. एकेका कागदावर इतकं काही आहे! सर तर म्हणाले, आजींना नोकरीवर ठेवा.

भिंतीकडच्या झाडाखाली जास्त, नळाकडे कमी, हे फार महत्त्वाचं आहे. रोज थोडं लिहून ठेव. निळा ठिपका असलेलं तू पाहिलंस, छान. हिरवा ठिपका असलेलं एखादं दिसलं का? उजव्या पंखावर, आतल्या बाजूला असतो, पटकन दिसत नाही. नळाकडच्या झाडापाशी शोध. तो पंख टाकू नकोस, तोही पाठव.

टेलर आजींशी आत्ता भांडू नकोस. थोडं थांब. मी येईन तेव्हा बोलू.

खूप प्रेम,
भिंगरी

---

३० सप्टेंबर

भिंगरे,

तुझं उत्तर आलं नाही आणि माझ्याच्यानं थांबवेना. भांडण झालं. झालं ते लिहिते, म्हणजे उद्या कुणी तुला वेगळं सांगायला नको.

सकाळी तिच्याकडे गेले. ती मशीनवर होती, तोंडात टाचण्या. मी पंख टेबलावर ठेवला.

"हे काय?" म्हणाली.

"तूच सांग. खूण तुझी आहे."

टाचण्या काढून तिनं बघितलं. "हा शाईचा ठिपका आहे. माझा खडू असा बसत नाही."

"तुझ्या घरात शाई नाही का?"

"शाई सगळ्यांच्या घरात असते. तू म्हणतेस तरी काय?"

"माझ्या रुईवर औषध मारलंस तू. डोळ्याचा राग काढलास."

ती हसली गं. खरंच हसली, मी थट्टा करतेय असं वाटलं तिला. मग माझं तोंड बघितलं आणि हसू गेलं.

"मला मारायचंच असतं तर कात्री घेऊन येऊन तुझी रुई बुडातून कापली असती, आणि तुला हाक मारून सांगितलं असतं, बघ कापली. मी चोरून औषध मारीन? किड्यांवर?"

"मग भिंतीकडचीच जास्त का मरतात?"

"मला काय विचारतेस? मी काय त्यांची सुईण आहे?"

इथं थांबायला हवं होतं. तुला माझी जीभ ठाऊक आहे. मी म्हटलं, माझ्या नातीनं प्रेमानं दिलेली भेट तुला बघवली नाही, तुझा मुलगा वर्षात एकदा तोंड दाखवत नाही म्हणून.

तिनं पंख उचलून माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं मिटवली आणि दारापर्यंत सोडायला आली, पाहुण्याला सोडतात तशी. इतक्या वर्षांत मला दारापर्यंत सोडलं नव्हतं तिनं. मी घरचीच होते.

संध्याकाळी तिच्या खिडकीतून बोलणं ऐकू आलं. तिच्या मुलाला फोन होता. ती फोनवर ओरडून बोलते म्हणून तेवढं मला कळतं. तो तुझ्याच शहरात राहतो, कधीपासून इकडे ये म्हणून मागे लागलाय आणि ती दर वेळी 'शेजारीण एकटी पडेल' म्हणते. आज म्हणाली, "येते. येऊन घेऊन जा."

जाऊ दे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणून पळतेय, असं मी स्वतःला सांगितलं. पण जेवण गेलं नाही.

आजी

---

४ ऑक्टोबर

तुझं २९ तारखेचं पत्र आज आलं.

हिरवा ठिपका तुला कसा ठाऊक?

मी तुला निळा लिहिला. हिरव्याचा शब्द काढला नव्हता, मला तो ठाऊकच नव्हता. उजवा पंख की डावा, आत की बाहेर, हेही लिहिलं नव्हतं. पत्र वाचून नळाकडे गेले. मोरीच्या कोपऱ्यात एक मेलेलं सापडलं. चष्मा लावला. उजव्या पंखावर, आतल्या बाजूला, हिरवा ठिपका. तू सांगितलास तिथंच.

वाढदिवसाला मी चष्मा आणायला आत जात होते. तू हात धरून म्हणालीस, "चष्मा कशाला आजी, नुसती उडताना बघ."

एका ओळीत उत्तर दे. ठिपके कुणी केले?

---

९ ऑक्टोबर

प्रिय आजी,

मी केले.

एका ओळीत संपत नाही, म्हणून पुढे लिहितेय. कृपा करून शेवटपर्यंत वाच.

तुझ्या फुलपाखरांना झालाय तो रोग एका बारीक परजीवीमुळे होतो. आजारी मादीच्या पोटावर त्याची पूड असते. ती अंडी घालते तेव्हा ती पूड अंड्यांवर आणि पानांवर सांडते. अळी जन्मली की पहिल्यांदा आपल्याच अंड्याचं टरफल खाते, त्याबरोबर पूडही पोटात जाते. अळी छान वाढते, वरून काही कळत नाही. आजार दिसतो तो कोषातून बाहेर पडताना.

प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात हा रोग कसा पसरतो ते आम्हाला माहीत आहे. उघड्यावर, वारा-ऊन-मुंग्यांमध्ये कसा पसरतो, ते नीट कुणी पाहिलेलं नाही. आजारी पाखरं रानात सोडायची परवानगी मिळत नव्हती. माझं तिसरं वर्ष संपत आलंय, हातात काही नव्हतं. मग तुझी रुई आठवली. तीन झाडं, भोवती भिंत, आणि रोज बघणारी तू.

निळ्या ठिपक्याची आजारी होती, ती मी भिंतीकडे सोडली. हिरव्याची निरोगी, ती नळाकडे. सरांना मी सांगितलं की घरच्यांची परवानगी घेतलीय.

तुला आधी सांगितलं असतं तर तू आजारी म्हणून पाखरं मारली असतीस, किंवा जास्त काळजी घेतली असतीस, आणि मग खरं काय ते दिसलं नसतं. टेलर आजींवर संशय घेशील असं मला वाटलं नव्हतं. घेतलास तेव्हा मी घाबरले. खरं सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून 'फवारणी असू शकते' असं लिहिलं.

आजी, यातून पुढे कितीतरी फुलपाखरं वाचतील. लोक हौसेनं घरी पाळलेली पाखरं रानात सोडतात, ते किती धोक्याचं आहे हे आपल्याला दाखवता येईल. माझ्या प्रबंधात मी सगळ्यात आधी तुझे आभार मानणार आहे.

रुई आता कापून जाळून टाकायला हवी. म्हणजे पूड आणखी पसरणार नाही.

मला माफ कर.

भिंगरी

---

१४ ऑक्टोबर

भिंगरी,

शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी वाटलं माझंच वाचणं कच्चं आहे.

ती फुलपाखरू आई. ती मायेनं अंडं घालते आणि पोराला रोग देऊन जाते. तिला बिचारीला ठाऊक नसतं. तुला ठाऊक होतं. तुझ्यात आणि तिच्यात एवढाच फरक, आणि तो तिच्या बाजूचा आहे.

किड्यांसाठी मी रडत नाही. मी बाइंडिंगवाली, पुस्तकातल्या कसरी अंगठ्यानं चिरडत आले. तुला आजारी पाखरं सोडायची होती ना? येऊन सांगायचं, "म्हातारे, तुझं अंगण दे, मला घाण करायचीय." मी चार शिव्या दिल्या असत्या आणि अंगण दिलं असतं. रुईपाशी तोंड बंद ठेवून बसलेही असते. तुला माझ्या तोंडाचा भरवसा नव्हता, आणि डोळ्यांचा हवा होता. फुकटात.

वाढदिवस तू ठरवलास तो पाखरांच्या सोयीनं ठरवलास. पत्रांची उत्तरं लगेच आली ती अळ्यांसाठी आली. मी इकडे पोस्टमनला सांगत होते, नातीला आजी आठवली. हे तुला आता लिहिताना मलाच माझी लाज वाटते, एवढी मी खुळी नव्हते.

आता टेलरबाईचं ऐक.

तुझं पत्र घेऊन तिच्याकडे गेले. घरात खोकी भरून ठेवली होती, मशीनला चादर गुंडाळून दोरी बांधली होती. तिला वाचून दाखवायला निघाले तर म्हणाली, वाचू नकोस, तोंडानं सांग. मी सांगितलं. ठिपके, पूड, सगळं. म्हटलं, माझं चुकलं. हे दोन शब्द माझ्या तोंडून तिनं कधी ऐकले नव्हते. मीही नव्हते.

ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नात तुझी. तिनं तुला फसवलं, ते तुमचं तुम्ही बघा. पण मी केलं असं तुला वाटलं, त्याचं मी काय करू?"

मी म्हटलं, तिनं लिहिलं होतं फवारणी असेल.

"तिनं नंतर लिहिलं. तुला आधीच वाटलं होतं."

खरं होतं. तुला पहिल्या पत्रात मीच लिहिलं होतं, तू विचारायच्या आधी. तू फक्त नाही म्हणाली नाहीस. त्यामुळे तुझ्यावर किती ओरडायचं आणि स्वतःवर किती, याची वाटणी मला अजून जमली नाही. पण तुझा वाटा तुला घ्यावाच लागेल.

घरी आले आणि कात्री घेऊन रुई कापली. तिन्ही झाडं, बुडातून. डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं, हाताला पिशव्या. चीक सगळीकडे. ती खिडकीत उभी राहून बघत होती. मला वाटलं, काही म्हणेल. शेवटी म्हणाली, "एवढे दिवस मी सांगत होते तेव्हा नाही कापलीस." आणि खिडकी लावली. झाडं अंगणात जाळली. अळ्या होत्या त्यांच्यावर.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. टेम्पोत सामान चढवताना मी मशीनचं एक टोक धरायला गेले. ती म्हणाली, "राहू द्या. आम्ही उचलतो."

राहू द्या. मला. अहो-जाहो.

आता मी सांगते ते कर. एक, तुझ्या सरांना जाऊन सांग की परवानगी घेतली नव्हती, आजीला फसवलं. दोन, माझे आभार कुठल्याही कागदावर छापू नकोस, माझ्या पत्रातलं एक अक्षर वापरू नकोस. मी तुला लिहिलं होतं, तुझ्या सरांना नाही. तीन, टेलरबाई तुझ्याच शहरात आहे. तिच्या दारात उभी राहून तिच्या तोंडावर सांग, तिच्यावर आळ आला तेव्हा तू गप्प का बसलीस. पत्र पाठवू नकोस. पत्रात तू फार गोड लिहितेस.

हे करेपर्यंत मला लिहू नकोस.

आजी

---

२ नोव्हेंबर

आजी,

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून थांबले होते. दोन गोष्टी झाल्यात, तिसरी राहिलीय, म्हणून लिहितेय.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, आजींच्या अंगणातलं सगळं काम बाद, एकही कागद धरायचा नाही. एक वर्ष मागे गेले. कदाचित जास्त. बाहेरची कामं काही महिने माझ्याकडून काढून घेतलीत. मी आता प्रयोगशाळेत पिंजरे धुते. तुझे चिकटपट्टीचे कागद मी परत पाठवणार होते, पण त्यांवर रोगाची पूड आहे, म्हणून जाळले. तुझी पत्रं माझ्याकडे आहेत. ती कुणाला दाखवलेली नाहीत. सरांना मी फक्त पाखरांबद्दलच्या ओळी वाचून दाखवत असे. तेही नको होतं, मला कळतंय.

टेलर आजींकडे दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांच्या सुनेनं दार उघडलं, त्या झोपल्यात म्हणाली. आतून मशीनचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही.

आजी, तू येशील का? दोन दिवसांसाठी. आपण दोघी मिळून जाऊ. तुझा आवाज ऐकला तर त्या दार उघडतील. मग मी सगळं सांगीन, तू फक्त सोबत उभी राहा. माझी एकटीची हिंमत होत नाही असं नाही, पण त्या माझ्यासाठी उघडणार नाहीत गं. तुझ्यासाठी उघडतील.

मला माहीत आहे, मी तुझ्याकडे पुन्हा काहीतरी मागतेय.

भिंगरी

---

७ नोव्हेंबर

भिंगरे,

सरांना सांगितलंस, बरं केलंस. वर्ष गेलं म्हणून रडू नकोस, पिंजरे धुवायला काही हात झडत नाहीत. मी कारखान्यात पहिलं वर्ष नुसती चिकटवायची खळ ढवळली.

मी येणार नाही.

मी दारात उभी राहिले आणि तिनं उघडलं, तर ते तुझ्यासाठी नसेल. आणि तुला पुढे करून मी आत शिरले, तर ते माझ्यासाठी नसेल. तिच्याशी माझं जे आहे ते मी वेगळं जाऊन निस्तरेन, माझ्या पायांनी, तुझ्या मागे लपून नाही. तिला पत्र टाकलंय. उत्तर नाही. आलं तर तुला सांगणार नाही.

इथं तिच्या घरात एक जोडपं राहायला आलंय. पोरगी परवा भिंतीवरून डोकावून म्हणाली, काकू, तुमच्या अंगणात एवढी राख कसली? मी म्हटलं, कचरा जाळला. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एवढं पुरे.

तू रविवारी पुन्हा जा. त्याच्या पुढच्या रविवारीही जा. सून म्हणेल झोपल्यात, तर तू म्हण, उठतील तेव्हा येते, आणि खरंच पुन्हा जा. गोड बोलू नकोस. भेट नेऊ नकोस. दार नाही उघडलं तर जिन्यात बसून राहू नकोस, म्हातारीला घरात कोंडल्यासारखं होतं. खाली उतर आणि मला एका ओळीत लिही. उघडलं, किंवा उघडलं नाही. एवढंच.

कारण लिहू नकोस.

आजी